ओल

एकतीस वर्षं मानवतच्या जिनिंगात काट्यावर बसलो.
कापूस पाहिला तो क्विंटलानं,
ट्रॉलीत, गंजीत, गाठीत, नाकातोंडात.
त्याचं फूल कसं असतं, असं विचारल्यावर
मी म्हणालो, पांढरं.

विचारणारी नुजहत. पोरगी सव्वीसची,
सायकलच्या दुकानावरल्या खोलीत
रविवारी नऊ ते अकरा झाडंफुलं रंगवायला शिकवते.
वर्गात चार शाळकरी आणि मी.
ती हसली नाही.
आधी बघून या, काका, एवढंच बोलली.

मेव्हण्याच्या रानातून फांदी आणली,
ओल्या फडक्यात, जेवणाच्या डब्यात घालून.
फूल पिवळं. पिवळं तरी कसलं,
सायीच्या दुधात हळदीचं बोट बुडवून
लगेच काढून घ्यावं, तेवढं.
खाली कातरलेल्या तीन पानांची कुंची,
तान्ह्याला घालतात तशी.

पहिले दोन रविवार पाण्यातच गेले.
बोअरचं पाणी कागदावर वाळलं की
खार उमटते, पाठीवर घाम वाळल्यासारखी.
नळ आठव्या दिवशी येतो.
नुजहत म्हणाली, बँकेच्या एसीची नळी गळते ना,
तिथं बाटली लावा.
वॉचमन शेषेराव ओळखीचा. लावली.
तेव्हापासून माझी सगळी फुलं
बँकेच्या पाण्यावर आहेत, बिनव्याजी.

कागद भिजवून थांबायचं असतं.
ओला असला तर रंग पळतो,
सुकला तर जागच्या जागी अडतो, कड धरतो.
मधे जरासा वेळ असतो,
तो डोळ्यांना कळत नाही,
बोटांची पालथी बाजू टेकवून कळतो.
तिनं करून दाखवलं
आणि माझा हात आपोआप उलटा झाला,
जसा गंजीत कोपरापर्यंत घालायचो
आणि मान वर न करता सांगायचो:
बारा टक्के ओल, वजा दीड किलो.
मशीन फार नंतर आलं.
माझा हात कधी चुकला नाही,
असं मी म्हणायचो.
समोरचा माणूस काही म्हणायचा नाही.

ऑक्टोबरचं ऊन, पंखा बंद.
दिवेलागणीपर्यंत तीन पाकळ्या झाल्या,
दोन उद्यावर ठेवल्या.
सकाळी पाहतो तर फूल गुलाबी!
रंग सांडला म्हणून नातवावर ओरडलो.
गया भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली,
त्याला कामून बोलायलाव?
पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी,
मग गळतंय ते.
येचायला गेलेल्या कोन्हालाबी इचारा.

लग्नाआधी आठ वर्षं ती वेचणीला जायची.
मला ठाऊक होतं.
म्हणजे ठाऊक होतं, एवढंच.

राहिलेल्या दोन पाकळ्या मी गुलाबी केल्या.
नुजहतनं चित्र खिडकीशी नेलं, बराच वेळ बघितलं.
छान आहे, म्हणाली, पण असं फूल नसतं.
दोन काढा, खाली तारखा लिहा.

दोन काढली. मग हिरवं बोंड,
मग फुटलेलं बोंड, आणि तिथं अडलो.
पांढरा रंग पेटीत नाहीच.
पांढरं द्यायचं नसतं म्हणे, सोडायचं असतं,
भोवतीचं सगळं रंगवत जायचं
आणि त्याला हात लावायचा नाही.
जन्मभर ज्याचं वजन केलं
ते आता कागदावर नुसतं मोकळं ठेवायचं.

भोवतीची जागा भिजवली. माझ्या बोटाला वाटलं, झालं.
ब्रश टेकवणार, तेवढ्यात गया पीठ झटकून
शेजारी टेकली.
तिच्या बोटांची टोकं बोंडांनी केव्हाच निबर केलेली,
म्हणून तिनंही हात उलटा केला,
कागदावर अलगद धरला.

थांबा जरा, म्हणाली. वल हाय अजून.

मी ब्रश खाली ठेवला.